मिरज ते मेडन

गुरुवार, ३१ जानेवारी २००८

टी-शर्टवरचा रंग अजून ओला होता. आमच्याकडे दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या पाठी रंगवणारा एक पेंटर आहे. त्याला आठवडाभर आधी काळा कोरा टी-शर्ट आणि एक चित्र देऊन ठेवलं होतं. हे तोंड छातीवर काढून दे म्हटलं. त्यानं चित्र उलटंसुलटं करून विचारलं, "वेताळ हाय व्हय?" म्हटलं, एडी. आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या प्रत्येक रेकॉर्डवर असतो तो, कातडं वाळलेला, डोळे वटारलेला. "दात किती काढायचे?" हा त्याचा पुढचा प्रश्न.

गाडीच्या दिवशी संध्याकाळी त्यानं जे हातात ठेवलं त्यातल्या एडीच्या डोळ्यांत काजळ होतं आणि चेहऱ्यावर दशावतारातल्या राक्षसाचा, प्रेक्षकांना ओळखणारा भाव. वाळवायला वेळ नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळला, तर एडीच्या कपाळावर सोन्याचा भाव उमटला, तोही उलटा.

पतसंस्थेत शुक्रवार-शनिवारची रजा टाकली होती. कारण, मुंबईची मावशी आजारी. मावशी ठणठणीत आहे, देव तिला तशीच ठेवो. खरं कारण, शुक्रवारी मुंबईत मेडनचा कार्यक्रम. ते सांगून रजा मिळत नाही हे मला आदल्या वर्षीच कळलं होतं. १७ मार्च २००७ ला मेडन बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेलं, भारतात पहिल्यांदा, आणि मी इथं मार्चएंडच्या व्हाउचरांत मान घालून बसलो होतो. त्या रात्री बेरीज तीनदा चुकली. साहेब म्हणाले, तब्येत बरी नाही का? बरी नव्हतीच.

मेडन माझ्याकडे आलं ते १९९३ साली, मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलमधून. मिझोरामचा एक मुलगा तिथं शिकत होता. चहाच्या गाड्यावर ओळख झाली आणि जाताना त्यानं एक भरलेली कॅसेट दिली. वर पेन्सिलीनं नाव लिहिलेलं, आत गाण्यांचे शब्द छापलेला कागद नाही, काही नाही. ती मी पंधरा वर्षं ऐकली. दोनदा टेपमध्ये अडकून फीत कुरतडली गेली, नेलपेंट लावून जोडली. गावात दुसरं कुणी मेडन ऐकणारं असेल तर मला ते कधी भेटलं नाही. खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही. घरात सगळ्यांचं सगळं असतं. एवढी एकच गोष्ट फक्त माझी होती.

बरोबर शाळेपासूनचा मित्र. घरचा धंदा तंबोऱ्यांचा, पिढ्यान् पिढ्या. त्याच्याकडं जवारी लावायचं, म्हणजे तारेच्या आवाजाला धार आणायचं काम, म्हणून गल्ली त्याला जवारीवाला म्हणते, मीही इथं तेच म्हणतो. त्याला मेडनशी काही देणंघेणं नव्हतं. दादरला एका गाण्याच्या बाईंकडं तंबोरा पोचवायचा होता आणि माझ्याकडं एक तिकीट जास्तीचं होतं. मावसभावानं तीन काढली होती, त्यातल्या एकाची गरज त्याला ऐनवेळी उरली नाही. त्याचं ते प्रकरण वेगळं आहे.

स्लीपरच्या डब्यात तंबोरा घेऊन चढणं म्हणजे नव्या नवरीला घेऊन चढणं. सगळा डबा जागा करून देतो आणि सगळा डबा टक लावून बघतो. टीसीनं गवसणीकडे बोट दाखवून विचारलं, "याचं तिकीट?" जवारीवाला म्हणाला, "त्याला बर्थ लागत नाही साहेब, उभ्यानं झोपतो." आणि स्वतःच्या बर्थवर भोपळा उशाशी, दांडी खिडकीकडे असा त्याला नीट आडवा केला, चादर घातली आणि आपण माझ्या पायथ्याशी बसून राहिला.

कऱ्हाड गेल्यावर मी वॉकमनचा एक कान त्याला दिला. त्यानं डोळे मिटून एक गाणं पूर्ण ऐकलं. मी निकालाची वाट बघितल्यासारखा बघत होतो.

"खर्ज बरा लागलाय," म्हणाला. "आणि ते ओरडणारं बेणं सुरात ओरडतंय."

शुक्रवार, १ फेब्रुवारी

दादरला उतरलो तेव्हा लोकलची गर्दी अजून पेटायची होती. शिवाजी पार्काच्या मागच्या अंगाला, तीन जिने, लाकडी कठडा, दारावर पितळी पाटी. बाई सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, चारी तारा छेडल्या आणि काही न बोलता मान किंचित वाकडी केली. जवारीवाल्याला तेवढं पुरलं. पिशवीतून कानस काढली आणि बसला.

तंबोऱ्याची तार घोडीवरून, म्हणजे तारांखालच्या टेकूवरून, जाते ती नुसती टेकून जात नाही. घोडीचा माथा कानशीनं इतका अलगद उतरता करायचा की थरथरणारी तार त्याला चाटत राहील. त्या चाटण्यातून आवाजाला धार येते, एका तारेतून वरचे पाचदहा स्वर झिरपतात. ती जवारी. शेवटची कसर तारेखाली सूत सरकवून काढायची, केसाएवढं पुढं, केसाएवढं मागं. मिरजेच्या कोरड्या हवेत लावलेली जवारी मुंबईच्या दमटपणात हलते, असं तो म्हणाला. मला वाटतं बाईंना नुसतं आपल्यासमोर काम झालेलं हवं होतं. तास गेला. मी घड्याळ बघत होतो. मैदानाचं दार दुपारनंतर उघडायचं होतं आणि आत्ता सकाळचे नऊ वाजले होते, पण माझं घड्याळ वेगळंच चाललं होतं.

चहा देताना बाईंनी विचारलं, "मग आज परत?"

"नाही, संध्याकाळी ऐकायला जायचंय," जवारीवाला म्हणाला.

"कोणाचं?"

"विलायती घराणं आहे."

मी सावरून घेण्यासाठी सांगायला लागलो. पूर्व लंडनमध्ये स्टीव्ह हॅरिस म्हणून एकानं १९७५ च्या नाताळच्या दिवशी हा बँड काढला, तो बास वाजवतो, गाणी बहुतेक त्याचीच, बाकीचे आले, गेले, काही परत आले, हा जागचा हलला नाही. गायक ब्रूस डिकिन्सन १९९३ साली सोडून गेला आणि १९९९ साली परतला, त्याच्याबरोबर एक जुना गिटारवालाही परतला, पण मधल्या काळात आलेल्याला काढलं नाही, म्हणून आता गिटारी तीन. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. "काढलं नाही हे चांगलं केलं," एवढंच म्हणाल्या आणि तंबोऱ्याकडे वळल्या. आता तो असा बोलत होता की आम्ही जिना उतरून खाली आलो तरी ऐकू येत होता.

मावशी कुर्ल्याला, नेहरूनगरात. तिला रजेतलं तिचं आजारपण सांगितलं तर तिनं आधी कपाळावर हात मारला, मग नातेवाइकांपैकी कुणाकुणाला कळलंय ते विचारून घेतलं. जेवताना मी तिला सांगितलं की हा गाणारा ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक आहे, प्रवासी विमानं चालवण्याची नोकरी करतो, आणि या दौऱ्यात सगळ्या बँडला आणि बारा टन सामानाला बोइंग ७५७ मध्ये घालून स्वतः चालवत घेऊन आलाय. विमानाच्या मागच्या भागातल्या खुर्च्या काढून तिथं सामानाची खोली केलीय. शेपटावर एडीचं चित्र.

"म्हणजे ड्रायव्हरच गाणार?" मावशी म्हणाली. "मग आधी झोपलाय का बघा त्याला."

मेडनवर इतकं वाचलंय, पण माणसं ४५ दिवसांत २३ कार्यक्रम करणार आहेत तर हा झोपणार कधी, हा प्रश्न मला पडला नव्हता.

चारच्या सुमाराला कुर्ला पश्चिमेकडून चालत निघालो. ३१० नंबरची बस होती, पण तिच्या दारात आधीच काळे टी-शर्ट लटकत होते. मिठी नदी ओलांडली, नाकाला रुमाल लावला, आणि पलीकडे बांद्रा-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती लागल्या. फुटपाथवरून सगळे एकाच दिशेनं. काळे, काळे, काळे. कार्यालयांतून सुटलेले टायवाले कडेला उभे राहून आमच्याकडे बघत होते, एखादी दिंडी चुकून भलत्या वाटेला लागावी तसे. गुवाहाटीची पोरं होती, शिलाँगची होती, बंगळुरूहून रात्रभर बसनं आलेली होती. एक बाप आपल्या दहाबारा वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता, दोघांच्या अंगावर एकच एडी, मापं दोन.

माझ्या एडीकडे लोक वळून बघायला लागले. मला वाटलं हसतायत. तेवढ्यात एका कॉलेजच्या पोरानं थांबवलं. "सर, हा कुठल्या टूरचा आहे?" मी म्हटलं, मिरज टूर. त्यानं गंभीरपणे मान हलवली. आणखी दोघांनी फोटो काढला. कपाळावरचा सोन्याचा भाव त्यांना बहुतेक काहीतरी गूढ लिपी वाटली.

दारावर झडती. पाण्याच्या बाटल्या, लायटर, पेनं, सुटी नाणीसुद्धा एका पिंपात टाकत होते. जवारीवाल्याच्या खिशातून कानस निघाली.

"हे काय?"

"कानस."

"कशाला?"

"जवारी काढायला."

सुरक्षारक्षकानं माझ्याकडे बघितलं. माझ्या छातीवरच्या एडीनं त्याच्याकडे बघितलं. ते पाहून त्याचं मत आणखी बिघडलं. कानस आत जाणार नव्हती आणि पिंपात टाकायला जवारीवाला तयार नव्हता. ती त्याच्या आजोबांची. मूठ इतकी झिजलेली की त्याच्या अंगठ्याशिवाय दुसऱ्याच्या अंगठ्याला ती बसत नाही. मी धरून बघितलीय. शेवटी आम्ही रांग सोडून मागं आलो, कुंपणाच्या पत्र्यापाशी पेव्हर ब्लॉकचा ढीग होता, त्यातल्या एका ब्लॉकखाली रुमालात गुंडाळून ठेवली. डावीकडून चौथा पत्रा, असं मी पाठ केलं. रांग पुन्हा शेपटापासून.

आत गेल्यावर पहिले दोन तास काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही. ऊन, धूळ, पाय. आधीच्या बँडला लोकांनी सभ्यपणे सहन केलं. पाणी विकणारे टेबल एकच दिसत होतं आणि तिथं लग्नातल्या आइस्क्रीमसारखी झुंबड. संयोजकांनी एवढ्या माणसांना तहान लागेल हा हिशेब केला नसावा. मावसभाऊ पाणी आणायला गेला तो कार्यक्रम संपल्यावरच भेटला.

सूर्य बुडाला आणि स्पीकरवर एक जुनं गाणं लागलं, 'डॉक्टर डॉक्टर', यूएफओ नावाच्या बँडचं. नुसतं वाजतंय, स्टेजवर कुणी नाही, आणि मैदान खवळलं. ज्याला ठाऊक आहे त्यालाच ठाऊक. मेडन येण्याआधी हे गाणं लागतं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आपल्याकडची तिसरी घंटा. मी जवारीवाल्याचा दंड धरला. तो म्हणाला, "अरे, अजून तर पडदाबी न्हाई उघडला."

मग दिवे गेले आणि पडद्यावर लढाऊ विमानं. चर्चिलचा आवाज. १९४० सालचं ते भाषण, समुद्रकिनाऱ्यांवर लढू, शरण जाणार नाही. इथं थोडं थांबतो. आमचा भाग नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा. माझे आजोबा १९४३ साली रात्री भाकऱ्या पोचवायचे, कुणाला पोचवायचे ते शेवटपर्यंत सांगितलं नाही त्यांनी. चर्चिलचं नाव घरात निघालं की ते थुंकायला अंगणात जायचे. आणि त्यांचा नातू चर्चिलच्या भाषणावर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होता. आजोबांची मनातल्या मनात माफी मागेपर्यंत स्टेजवर स्फोट झाला आणि 'एसेस हाय' सुरू झालं. नंतर माफीबिफी काही राहिलं नाही.

हा त्या जगभरच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम. याचा अर्थ त्या संध्याकाळी पुढचं गाणं कोणतं हे मैदानात कुणालाच ठाऊक नव्हतं. १९८० च्या दशकातली गाणी घेणार, मागं इजिप्तच्या देवळासारखं नेपथ्य असणार, एवढं वाचलं होतं. आता लोक यादी आधी वाचून जातात आणि गाण्यांवर खुणा करत ऐकतात. आम्हाला पहिल्या पंगतीचा मान होता, वाढपी काय घेऊन येतोय ते ताटात पडेपर्यंत कळत नव्हतं. पुढच्या वर्षी दौऱ्याची 'फ्लाइट ६६६' ही फिल्म निघाली, तिच्यात पहिलं गाणं मुंबईचंच. त्या साडेचार मिनिटांत माझा टी-शर्ट शोधण्यासाठी मी डीव्हीडी इतक्या वेळा थांबवली की बायकोनं रिमोट लपवला. एके ठिकाणी एक काजळ घातलेला काळपट ठिपका दिसतो. तो मीच.

सुरुवातीला आवाज आमच्या बाजूला नीट येत नव्हता, डावी गिटार वाऱ्यावर जात होती. जवारीवाला अस्वस्थ झाला. माझा हात धरून तो आडवा निघाला, गर्दीतून, लोकांच्या शिव्या खात, दर दहा पावलांवर थांबून मान वाकडी करत. सकाळी बाईंनी केली होती तशी. शेवटी ध्वनियंत्रणेच्या मचाणाच्या थोडं पुढं एका जागी उभा राहिला. "इथं." आणि खरंच, तिथं सगळं वेगवेगळं लागत होतं. तिन्ही गिटारी सुट्या, खाली ड्रमचा दणका, आणि त्याहून खाली, पोटात, स्टीव्ह हॅरिस.

'द ट्रूपर' आलं. १८५४ साली बालाक्लाव्हाला इंग्रज घोडदळ रशियन तोफांवर चालून गेलं आणि कापलं गेलं, त्यावरचं गाणं. बासवर घोड्याची चाल आहे. एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. टगडक, टगडक, टगडक. हॅरिस एक पाय स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरवर ठेवून, बास बंदुकीसारखा रोखून, नुसत्या बोटांनी ती वाजवतो, नखी नाही, काही नाही. जवारीवाल्याचं लक्ष फक्त त्या उजव्या हाताकडे. मोठ्या पडद्यावर बोटं दिसली की तो पुढं सरकायचा. तार बासच्या दांडीवरच्या पडद्यांवर आपटून जो कडकडाट होतो तो त्यानं बरोबर पकडला.

"तार मोकळी सोडलीय बघ," माझ्या कानात ओरडला. "मुद्दाम आपटू देतोय. त्यात मजा हाय." थोड्या वेळानं पुन्हा, "आणि ती गिटार. ती खर्रर्र. जवारी हाय ती! विजेची!"

पंधरा वर्षं ऐकून माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं. गिटारचा आवाज अँप्लिफायरला झेपेल त्यापलीकडे रेटला की लाटेची टोकं छाटली जातात आणि मूळ स्वराच्या डोक्यावर वरचे स्वर उगवतात. घोडीवर चाटणारी तारही मूळ स्वरावर वरचे स्वरच चढवते. मला तेव्हा एवढं सुचलं नाही, मी नुसता हो हो म्हणून ओरडलो.

'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' ते घेतील अशी मला आशा नव्हती. चौदा मिनिटांच्या आसपासचं गाणं, कोलरिजच्या १७९८ सालच्या कवितेवरचं, गेल्या वीसेक वर्षांत त्यांनी ते स्टेजवर घेतलं नव्हतं. एक खलाशी अल्बट्रॉस पक्षी मारतो आणि सगळ्या जहाजाला शाप लागतो, चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. आमचीही गत तीच होती, मिठी नदी हाकेवर आणि घसा कोरडा. गाण्याच्या मध्यात सगळं थांबतं. फक्त बास, हळू, आणि जहाजाच्या लाकडाची कुरकुर. त्या वेळी एवढं मोठं मैदान गप्प झालं. मागच्या कुणाच्या तरी मोबाइलची रिंग ऐकू आली. खाडीकडून वारा आला, सोबत तो वास. वरून एक विमान उतरत सांताक्रूझकडे गेलं, दिवे लुकलुकत, आणि हजारो माणसांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. जवारीवाल्याचे डोळे मिटलेले होते. तंबोरा जुळवताना तो असा बसतो.

आणि मग 'फिअर ऑफ द डार्क'. माझ्या कॅसेटवरचं. पेन्सिलीनं नाव लिहिलेलं ते.

पहिली गिटारची ओळ वाजली आणि ती मैदानानं उचलली. शब्द नाहीत त्या ओळीला, नुसता ओ ओ, तरी सगळ्यांना पाठ. पुढून, मागून, पार कुंपणापर्यंत. मला गाता येईना. गळा भरून आला म्हणावं तर तसं नव्हतं. आधी चक्क राग आला. ही ओळ माझी. मिरजेत, माडीवर, दिवे गेल्यावर, सेलवर चालणाऱ्या टेपमध्ये ऐकलेली. यांना कुणी दिली? शेजारचा तो कॉलेजचा पोरगा, 'मिरज टूर'वाला, डोळे मिटून, शिरा ताणून गात होता. तो कॅसेट माझ्या हातात आली तेव्हा पाचसहा वर्षांचा असेल. आणि मग पुढं शब्द आले, आणि एका ओळीत तो आणि मी वेगवेगळं म्हटलं. मी थांबलो. दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा कान देऊन ऐकलं. सगळं मैदान त्याच्यासारखं म्हणत होतं. पंधरा वर्षं मी तो शब्द चुकीचा म्हणत होतो. शब्दांचा कागद नव्हता, सांगणारं कुणी नव्हतं, विचारायला कुणी नव्हतं.

तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा मी बरोबर म्हटली. त्या पोरानं माझ्या खांद्यावर हात टाकला, त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

एडी आला, उंचच उंच, हातात बंदूक, गिटारवाल्यांवर धावून जात. ब्रूस डिकिन्सन पन्नाशीला टेकलेला माणूस, मचाणावरून मचाणावर उड्या मारत "स्क्रीम फॉर मी, मुंबई!" म्हणून ओरडत होता आणि मावशीची काळजी खोटी पडत होती. शेवटी 'हॅलोड बी दाय नेम'. नंतर दिवे लागले ते एकदम, उघड्यावरचे भोंगे दहाला बंद या नियमाची तलवार डोक्यावर असते. रंगभवन हे खुलं नाट्यगृह तर शांतता क्षेत्रात आल्यामुळे कायमचंच गप्प झालंय, तिथं म्हणे एके काळी मुंबईचं सगळं रॉक वाजायचं. आम्ही ते कधी बघितलं नाही.

बाहेर पडताना कानस आठवली. डावीकडून चौथा पत्रा. पण गर्दीनं पत्रेच आडवे केले होते, डावं कुठलं हेच कळेना. अंधारात मोबाइलच्या उजेडात ब्लॉक उचलून बघितले. जवारीवाला म्हणाला राहू दे, आणि राहू दे असं ज्या आवाजात म्हणाला त्यावरून ते राहणार नव्हतं हे कळलं. रिक्षावाले कुर्ल्याचं नाव काढलं की मान फिरवत होते. चालत आलो. मावशीनं ताटं झाकून ठेवली होती. तिनं काहीतरी विचारलं, आम्हाला दोघांनाही ऐकू आलं नाही, आम्ही दोघांनीही उत्तर दिलं. दोन वेगळी.

शनिवार, २ फेब्रुवारी

आवाज बसलेला. सकाळी सातला पुन्हा मैदानावर. रात्रीचं देऊळ गेलं होतं, राहिले होते लोखंडी पाइपांचे सांगाडे आणि त्यांच्यावर पाना घेऊन चढलेले कामगार. पुढचा कार्यक्रम सोमवारी ऑस्ट्रेलियात, पर्थला. जमिनीवर चपला, चेपलेल्या बाटल्या, एक तुटकं घड्याळ, कुणाचं तरी कॉलेजचं ओळखपत्र. धुळीत इतके पाय उमटले होते की कुठलाच पाय उमटलेला नव्हता.

वॉचमन आत सोडेना. जवारीवाल्यानं बसलेल्या आवाजात, हातवारे करून, घोडी, तार, कानस, आजोबा, सगळं त्याला समजावलं. वॉचमन शांतपणे ऐकत राहिला, मग आपल्या पत्र्याच्या खोपटात गेला आणि रुमालासकट घेऊन आला. पहाटे ब्लॉक हलवताना कामगारांना सापडली होती. तो म्हणाला, कुलूप तोडणाऱ्याची असेल म्हणून पोलिसांना द्यायची होती, पण मूठ बघून वाटलं की कामाची वस्तू आहे. त्यानं अंगठा लावून बघितला होता. बसला नाही.

दुपारी काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन 'पॉवरस्लेव्ह'ची सीडी घेतली, १९८४ ची रेकॉर्ड, आयुष्यातली पहिली विकत घेतलेली मेडन. दुकानातच कव्हर उघडून शब्दांचा कागद आहे ना ते बघितलं. आहे. 'फिअर ऑफ द डार्क'ची घेतली नाही. ती कॅसेट आहे.

रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस. डब्यात तंबोरा नव्हता, कुणी जागा करून दिली नाही.

रविवार, ३ फेब्रुवारी

पहाटे मिरज. कानात अजून शिट्टी वाजत होती. एवढ्या आवाजानंतर आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी दमतात म्हणे, दोनएक दिवसांत सावरतात, नशीब चांगलं असेल तर. घरी जायच्या आधी जवारीवाल्याच्या दुकानात चहा घेतला. भिंतीला सातआठ तंबोरे उभे, अर्धे बिनतारांचे.

"तुझ्या कानात वाजतंय का अजून?" मी ओरडून विचारलं. तो म्हणाला, हळू बोल, गल्ली झोपलीय. मग म्हणाला, "कुठल्या पट्टीत?"

मी जमेल तसं, दोन सप्तकं खाली आणून, घोगऱ्या गळ्यातून म्हणून दाखवलं. त्यानं पेटीवर शोधलं. काळी चार आणि पांढरी पाच यांच्या मधे कुठंतरी, पेटीत नाहीच ती जागा. मग एक तंबोरा ओढला, खुंटी पिळली, मणी सरकवला, खुंटी पुन्हा पिळली.

"हे?"

"थोडं वर."

"हे?"

म्हटलं, हेच.